टीव्हीमागचा उजेड

माझ्या घरमालकांनी मला घर दाखवायच्या आधी एक पुस्तक दाखवलं. पातळसं, कडा झिजलेलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्या ठिपक्यांच्या गर्दीत लपलेला एक आकडा.

"वाचा," ते म्हणाले.

मी पुण्याहून बदली होऊन कोलकात्यात आले होते. दोन बॅगा ऑफिसच्या गेस्टहाउसमध्ये पडून होत्या. डमडमला एक मराठी जोडपं वरचा मजला भाड्याने देतं, एवढ्या माहितीवर मी त्या दुपारी घामाघूम होऊन तिथे पोचले होते. मी निमूटपणे वाचायला लागले. बारा. आठ. एकोणतीस. सगळी पानं संपल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं.

"नजर चांगली आहे," ते भिंतीला म्हणाले. बोलताना ते माणसाकडे बघत नसत, त्याच्या बाजूच्या भिंतीकडे किंवा दाराच्या चौकटीकडे बघत. "तुमच्या आधी एक गृहस्थ येऊन गेले. त्यांना पाचव्या पानावर काहीच दिसेना. मी घर दिलं नाही."

"पण घरात राहायला रंग कशाला दिसायला हवेत?"

"रेल्वेत असते तर एव्हाना दोनशे माणसं मारली असती त्यांनी."

आतून एका बाईंचा हसरा आवाज आला. "अहो, त्या पोरीला पाणी तरी विचारा." मग त्या स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. लग्न ठरवायला आले तेव्हा मलाही हेच पुस्तक दाखवलं होतं ह्यांनी."

"मग?"

"मग काय, पहिली आले!"

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. मूळचे भुसावळचे, पण सगळी नोकरी इकडे पूर्वेला झाली आणि शेवटची वर्षं इथल्या गार्डन रीचच्या कचेरीत गेली. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक गावी परततात, हे परतले नाहीत. कारण विचारलं तर म्हणत, "हिचे दोऱ्यांचे दुकानदार इथे आहेत."

काकू कशिदा करत. बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे दोऱ्यांच्या लडींनी भरलेले असत. बागबाजारात त्यांचा एक ठरलेला दुकानदार होता. काकू मराठी आहेत हे कळल्यापासून तो त्यांना बघितलं की हात वर करून ओरडायचा, "बर्गी एशे गेछे!" बर्गी म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार. आणि दुकानातली सगळ्यात चांगली लड काढून द्यायचा. काकूंना रंगांची नावं इतकी यायची की मी थक्क व्हायचे. अबोली, आमसुली, चिंतामणी, शेवाळी, डाळिंबी. निळ्याचेच त्या सहा-सात प्रकार सांगत.

काकांचं म्हणणं सरळ होतं. "माझ्या नोकरीत तीन रंग होते. तांबडा, पिवळा, हिरवा. उरलेले हिचे."

त्यांच्या घरातल्या प्रत्येक बटणावर रंगाने मराठीत लिहिलेलं होतं: 'पंखा, मधला'. 'दिवा, जिना'. 'वापरू नये'. त्या 'वापरू नये' बटणाने काय चालू व्हायचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला ते नावाने हाक मारत नसत. मी 'वरचा मजला' होते. "वरचा मजला आला का?" असं ते काकूंना विचारत. मला काही कळवायचं असलं तर दार वाजवायचे नाहीत, हाकही मारायचे नाहीत. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे चार शब्द लिहून दाराखालून सरकवायचे. 'वरचा मजला. काल सकाळी नळ बारा मिनिटं चालू होता. कारण कळवावे.' मी त्याच कागदावर 'केस धुतले' असं लिहून खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'ठीक.'

बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. दिवसात मोजून वीस वाक्यं, त्यातली निम्मी रेडिओला उद्देशून. काकू गंमतीने म्हणायच्या, "ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी गाडीला लाइन मोकळी लागते." पण ते म्हणताना त्यांचा आवाज थोडा खाली यायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं.

संध्याकाळी सात वाजता काकू एक मराठी मालिका बघत. मी ऑफिसातून लवकर सुटले की मीही जाऊन बसे. बंगाली आणि हिंदीत दिवस काढल्यावर तो अर्धा तास मला माहेरासारखा वाटायचा. काका मागे खुर्चीत पेपर धरून बसायचे. मालिका बघायचे नाहीत, पण उठूनही जायचे नाहीत.

मला तिथे राहायला लागून वर्ष झालं असेल. एका संध्याकाळी काकू एकदम म्हणाल्या, "अगं, आज ह्या सगळ्या बायकांना तोंडच नाही."

मला वाटलं मालिकेतल्या कुणाच्या वागण्याबद्दल बोलतायत.

"खरंच सांगते. साडीचे काठ दिसतात, मागचा पडदा दिसतो, मध्ये नुसता डाग. सकाळी ह्यांच्याही तोंडाच्या जागी होता."

मागे पेपरचा आवाज थांबला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. तो परत येणार नाही. कडेचं दिसणं बहुतेक राहील. कशिदा मात्र बंद. काकूंनी घरी येऊन डबे एकावर एक रचले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला मला सांगितले. रडल्या वगैरे नाहीत. "तेवढं नीट ठेव हं, झुरळं लागतात," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी सात वाजता टीव्हीसमोर येऊन बसायच्या, पण मान खाली घालून, नुसतं ऐकत. पुढे पुढे मालिका संपायच्या आधीच उठायला लागल्या.

काका आठ दिवस काही बोलले नाहीत. म्हणजे नेहमीची वीस वाक्यंसुद्धा नाहीत. नवव्या दिवशी दाराखालून कागद आला: 'वरचा मजला. रविवार, सकाळी दहा. चांदनी. पायात बूट घालावेत.'

चांदनीचा बाजार म्हणजे वायरी, दिवे, जुने-नवे यंत्रांचे भाग, सगळं एकमेकांच्या अंगावर चढलेलं. डमडमहून मेट्रोने जाताना त्यांनी एका ओळीत सगळं समजावलं.

"मेन लाइन बंद आहे. लूप लाइनवरून गाडी न्यायची."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी खिशातून छापील कागद काढला. टीव्हीच्या मागच्या कडेने दिव्यांची पट्टी चिकटवायची. पडद्यावर ज्या बाजूला जो रंग असेल, तोच रंग त्या बाजूची पट्टी मागच्या भिंतीवर टाकते. पडद्यावर समुद्र आला की भिंतभर निळं पसरतं, आग लागली की भिंत तांबडी होते. हौशी पोरं खेळ खेळताना हे लावतात.

"तिला मधलं दिसत नाही," काका मेट्रोच्या दाराकडे बघत म्हणाले. "कडेचं दिसतं. मग चित्र कडेला न्यायचं."

दुकानदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "दादू, गेम खेलबेन? नातीर जोन्ने?" आजोबा, गेम खेळणार? की नातवासाठी?

"सिग्नलसाठी," काकांनी उत्तर दिलं, आणि पट्टीवरचा एकेक दिवा पेटवून तपासायला सुरुवात केली. तासाभराने दुकानदाराने त्यांना बसायला स्टूल दिलं.

टीव्हीमागची भिंत हिरवी होती. हिरव्या भिंतीवर तांबडं पडलं की मातकट दिसायचं. त्यांनी रंगारी बोलावला. रंगारी म्हणाला, "काकाबाबू, सबुजटा तो भालो छिलो," म्हणजे हिरवा तर चांगला होता. काका म्हणाले, "भालो छिलो, किन्तु चुकीचा छिलो." त्यांची बंगाली ही अशी. भिंत पांढरी झाली. त्या भिंतीवरचा त्यांचा लग्नातला फोटो उतरवून आतल्या खोलीत गेला. काकूंना तो आता दिसत नव्हता, तरी त्या जाता-येता रिकाम्या जागी हात लावून बघायच्या.

पहिली पट्टी तयार पेटीतली होती. तिच्याबरोबर एक छोटा कॅमेरा होता. तो टीव्हीच्या वर बसून पडद्याकडे बघत राहायचा आणि रंग ओळखून पट्टीला सांगायचा. सात वाजता आम्ही ती लावली. भिंत उजळली. काकूंनी मान वर केली. ती आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवली. काका त्यांच्या शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून, एखादा मोठा साहेब तपासणीला आल्यासारखे.

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "पण उशिरा येतंय हो. ती आधी किंचाळते आणि मग तांबडं होतं."

आम्हाला तो उशीर जाणवतही नव्हता. पापणी लवण्याइतका असेल. पण काकांचा चेहरा असा झाला, जणू कुणी सगळ्यांसमोर त्यांची चूक दाखवली आहे.

"उशिरा दिला तर तो सिग्नल नव्हे," ते म्हणाले. "ती बातमी झाली."

पुढचे तीन महिने आमचं तेच चाललं. मी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे प्रोग्रॅम माझ्याकडे आला. कॅमेरा काढून टाकला. तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणून टीव्हीला येणारं चित्र वाटेतच त्याच्याकडे वळवलं, म्हणजे टीव्हीवर दिसतं त्याच क्षणी पट्टीलाही कळेल. काका सोल्डरिंग करायचे. त्यांचे हात एरवी थरथरत, पण हातात ती तापलेली कांडी आली की थरथर थांबायची. रविवारी सकाळी मी जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसायचे, काका टीव्हीच्या मागे आणि काकू समोर कोचावर. तिकडून त्या निकाल द्यायच्या. "अजून उशिरा." "डावीकडे बरोबर, उजवीकडे मागे पडतंय." "आता जमलं. नाही नाही, थांबा." इतका आनंदाचा काळ त्या घरात मी दुसरा पाहिला नाही.

जमलं ते एका हळदीच्या प्रसंगाला. मालिकेत कुणाचं तरी लग्न होतं. अख्खी भिंत पिवळी झाली, छतापर्यंत. काकू उठून उभ्याच राहिल्या.

"हा हळदीचा नाही," त्या म्हणाल्या. "हा शेवंतीचा. आणि ते काय, कडेला? ती अबोली आहे. अहो, अबोली!"

काका स्वयंपाकघरात गेले. मी पाणी प्यायला गेले तेव्हा ते ओट्याला टेकून उभे होते, दिवा न लावता. मला बघून म्हणाले, "अबोली म्हणजे कोणता?" मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांना काही कळलं नसावं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मांडीवर पेपरऐवजी एक वही आली. सात वाजले की ते विचारायचे, "हा कोणता?" काकू सांगायच्या. ते वहीत लिहायचे आणि पुन्हा विचारायचे, "आता?" काकूंना मग दोऱ्याची एखादी लड आठवायची, त्या लडीवरून कुणासाठी केलेली उशी आठवायची, मग ते माणूस. काका ऐकायचे. मधूनच म्हणायचे, "ती उशी खरगपूरच्या बंगल्यात होती." काकू म्हणायच्या, "बघा, आठवतंय की तुम्हाला!"

असं सात-आठ महिने चाललं.

मधल्या काळात माझं ऑफिसचं काम वाढलं होतं. मी रोज जात नव्हते. त्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. काकूंची रंगांची नावं आवाजावरून ठरायला लागली होती. सनई वाजली की पिवळा, कुणी हुंदका दिला की जांभळट काळा. पूर्वी त्या चुकायच्या नाहीत. आता पडद्यावर जाहिरात चालू असली तरी त्या मालिकेतलाच रंग सांगत. मी ते पाहिलं होतं. पण माणूस पाहतो आणि पुढे जातो, तसं माझं झालं.

वैशाखातली गोष्ट. दुपारी मोठी कालबैसाखी झाली होती. त्या वादळात आमच्या गल्लीत वीज दोन-तीनदा जोरात आली-गेली. मी संध्याकाळी भिजून घरी आले, कपडे बदलले आणि सातच्या सुमाराला खाली गेले. टीव्ही चालू होता. मागची भिंत मात्र काळोखी. पट्टीचा अडॅप्टर जळल्याचा वास खोलीत अजून होता. काका नेहमीसारखे वही घेऊन बसले होते.

"आली का तू?" काकू म्हणाल्या. "ये, बस. आज मोरपंखी किती छान पसरलंय बघ."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, पट्टी बंद आहे. अडॅप्टर जळलाय वाटतं."

मी बोलले आणि मग माझं काकांच्या वहीकडे लक्ष गेलं. तारखेखाली त्यांनी नुकतंच लिहिलं होतं, 'मोरपंखी'. शाई अजून ओली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, भिंतीकडे नाही, माझ्या डोळ्यांत. त्या नजरेत राग नव्हता. रुळावर कुणी माणूस आलेला दिसावा आणि गाडी थांबवता येऊ नये, तसं काहीतरी होतं.

काकूंचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. मालिकेतली माणसं बोलत होती.

"अहो," काकूंनी विचारलं, "बंद आहे?"

"चालू आहे," काका म्हणाले. "वरच्या मजल्याला दिसत नाही. बाहेरून उजेडातून आलीय, तिची नजर अजून बसली नाही."

बाहेर उजेड नव्हता. ढगांनी केव्हाच काळोख केला होता.

"हो का," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "हो, तसं होतं कधीकधी."

मालिका संपेपर्यंत आम्ही तिघंही बसून राहिलो. काकांनी पुढे कोणताही रंग विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखाली कागद होता. 'वरचा मजला. यापुढे संध्याकाळी सात वाजता येऊ नये.' कारण लिहिलेलं नव्हतं, आणि मी ते विचारलंही नाही. नवा अडॅप्टर त्याच दिवशी आला असावा, कारण संध्याकाळी जिन्याच्या खिडकीतून मला त्यांच्या खोलीच्या पडद्याच्या फटीत रंग बदलताना दिसले. ऑफिसातून येताना मी रोज त्या खिडकीशी थांबायचे. रंग दिसायचे. मालिकेचा आवाज यायचा. माणसांचा येत नव्हता.

महिन्याभराने, एका शनिवारी सकाळी, काका बाजारात गेले असताना काकूंनी जिन्याखालून हाक मारली. मी खाली धावले. त्या कठडा धरून पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या उजवीकडे हवेत गेला. मी तो धरला.

"काकू, माझं चुकलं," मी म्हणाले.

"ऐक. ते येतील एवढ्यात." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पौषापासून मला काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते कडा राहतील. राहिल्या नाहीत. मी कुणाला बोलले नाही."

"का पण? दुसरा डॉक्टर तरी..."

"अगं, चव्वेचाळीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर राहिले. सकाळी 'चहा', दुपारी 'जेवण', रात्री 'दिवा घालव'. वाईट नाहीत ते, कधी मला टाकून बोलले नाहीत. पण बोललेच नाहीत गं. आणि ह्या एका वर्षात रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून विचारतात, हा कोणता, तो कोणता. मी सांगते, ते ऐकतात. लिहून ठेवतात! माझं बोलणं कुणी लिहून ठेवलंय का आजवर? दिसत नाही म्हटलं असतं तर ते बंद झालं असतं. म्हणून बोलत राहिले. कानाने ऐकून."

"त्यांनाही माहीत होतं, काकू."

"मला कळलं ते त्या दिवशी. त्याआधी नव्हतं माहीत. आता पट्टी लावतात. वही घेऊन बसतात. पण विचारत नाहीत. मी आपणहून सांगितलं तर 'हं' म्हणतात. तू त्यांच्याशी बोल. तुझ्याशी बोलतात ते."

माझ्याशी ते कधी बोलले होते? दाराखालून कागद सरकवायचे. पण काकूंना तेही पुष्कळ वाटत होतं.

मी त्याच संध्याकाळी गच्चीवर गेले. काका तिथे उभे राहून स्टेशनच्या बाजूला बघत असत. मी काकूंचं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. त्यांनी ऐकून घेतलं. दोन लोकल गाड्या जाऊ दिल्या.

"पौषातच कळलं मला," ते म्हणाले. "रोज सकाळी हातात बॅटरी घेऊन मी तिच्या बाजूने जायचो. डावीकडून, मग उजवीकडून. आधी मान वळायची. एक दिवस वळली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही."

"मग विचारायचं थांबला नाहीत तुम्ही?"

"ती सांगत होती. मी लिहीत होतो. त्यात खोटं काही नव्हतं. त्या दिवशी तिने मला सरळ विचारलं. बंद आहे का. मी चालू म्हणालो. एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा सिग्नल दिला नाही. बायकोला दिला."

"पण काकूंना तो हवा होता, काका. त्यांना अजूनही हवा आहे. तुम्ही नुसतं विचारा."

"आता विचारलं तर रोजचा खोटा होईल. तिला माहीत, मला माहीत." त्यांनी मान हलवली. "मला नाही जमणार."

"काकूंसाठीसुद्धा नाही?"

ते पुन्हा स्टेशनकडे बघायला लागले. मी वाट बघून खाली आले. मी रागावले होते. अजूनही त्या माणसाची आठवण आली की आधी तो राग येतो, आणि मग बाकीचं.

काकू गेल्या त्या भाद्रपदात. ताप आला, छातीत कफ झाला, चार दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्या झोपेत होत्या आणि काका खाटेशेजारी स्टुलावर ताठ बसले होते. पाचव्या दिवशी पहाटे कागद आला. त्यावर लिहिलं होतं, 'वरचा मजला. ही गेली.' तो कागद दाराखाली अर्धाच आत आला होता. बाहेरच्या अर्ध्यावर त्यांचं बोट अजून होतं. मी दार उघडलं तेव्हा ते उकिडवे बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला माझी पुण्याला परत बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला खाली गेले. सात वाजायला आले होते. टीव्ही चालू होता. मागची पट्टी त्यांनी ओढून काढली होती. डिंकाबरोबर पांढरा रंग सुटून आला होता आणि चौकोनभर जुना हिरवा उघडा पडला होता. वहीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

"मी उद्या जातेय काका," मी म्हणाले. "आणि त्या दिवशी मी बोलायला नको होतं. त्याबद्दल..."

"हो, बोलायला नको होतं," ते म्हणाले. पण आवाजात कडवटपणा नव्हता. नळ बारा मिनिटं चालू होता, हे कळवावं तितक्याच सरळपणे. मग त्या सोललेल्या भिंतीकडे बघत ते कुणी न विचारता बोलायला लागले.

"तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जागी झाली. शुद्धीत होती. किती वाजले विचारलं. मी म्हटलं, सात. तर म्हणाली, अहो, समोरची भिंत कोणत्या रंगाची आहे?"

मी अजून दाराशीच उभी होते.

"हॉस्पिटलची भिंत," काका म्हणाले. "मी म्हटलं, पांढरी."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातात धरून ठेवला.

"ती म्हणाली, बरं. आणि तोंड दुसरीकडे वळवलं. मग नाही बोलली." थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, भिंतीला नाही, मला. "तुम्ही काय सांगितलं असतं?"

मला खूप काही सांगता आलं असतं. काकूंनी शिकवलेली नावं माझ्या तोंडावर होती. पण त्यांच्यासमोर खोटं बोलायचं कसं, ते मला कळेना.

"पांढरीच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बसा," म्हणाले. मालिका सुरू झाली. आम्ही ती शेवटपर्यंत बघितली. त्यातली माणसं आता आमच्या दोघांच्याही ओळखीची राहिली नव्हती.